पुलाखालची पायरी

माझ्या भावाला नीट दिसत नाही हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, एक तो आणि एक मी. निदान मी तसं धरून चालले होते.

मी उरणला दिलेली. माहेर श्रीवर्धनच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी. दादा माझ्याहून बराच मोठा. आबा, म्हणजे आमचे वडील गेल्यापासून तोच घरातला कर्ता आणि तोच देवीच्या होडीचा तांडेल, सुकाणू धरणारा. दोन पावसाळ्यांमागे तो माझ्याकडे राहायला आला होता, तेव्हा भरल्या दिवसा दारातल्या कळशीला अडखळून पडला. मी म्हटलं, डोळे फुटले काय तुझे? मी तोंडाची फटकळच आहे, आमच्या घरात सगळेच तसे. एरवी त्याने मला दोन शब्द जास्तच सुनावले असते. त्या दिवशी तो नुसता उठून धोतर झटकत बसला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला जवळजवळ ओढतच पनवेलला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली सांभाळायची, रोज थेंब घालायचे, आयुष्यभर. बाजूचं तर त्याला काही दिसतच नव्हतं. समोरचंही उजेडात असेल तेवढंच, सावलीत गेलं की सगळं एकसारखं काळं. येताना एसटीत तो खिडकीकडे तोंड करून बसला आणि म्हणाला की हे कुणाला कळता कामा नये, वहिनीलासुद्धा नाही. मी त्याच्या गळ्याची शपथ घेतली. थेंबांची बाटली तो जाळ्याच्या दोऱ्याच्या डब्यात लपवायचा आणि मागच्या पडवीत दार लावून एकटाच डोळ्यांत घालायचा. निम्मं औषध गालावर जायचं, माहेरी गेले की मला ते ओघळ दिसायचे. मला इतका राग यायचा त्याचा, आणि इतकी कीवही यायची.

आता ही देवीची होडी काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या देवीचं माहेर खाडीच्या वरच्या अंगाला आहे. होळीला तिची पालखी रस्त्याने माहेरी जाते, तिथे राहते आणि रंगपंचमीला सकाळी होडीने परत येते. त्या होडीला मशीन नाही. देवीला मशीनचा आवाज खपत नाही, शिडावर आणि वल्ह्यांवरच यायचं. होडीच्या मधोमध डोलकाठी, आम्ही नुसतं काठी म्हणतो, आणि काठीच्या टोकाला वेळूला बांधलेला देवीचा बावटा. देवी होडीत आहे तोवर बावटा खाली यायचा नाही. तो उतरला म्हणजे देवी तिथेच पाण्यात उतरली, ती पुन्हा गावात यायची नाही, असं आमच्याकडे मानतात. माना किंवा मानू नका, त्या गावात राहून बावट्याला हात लावणारा माणूस मला दाखवा.

आबांच्या काळात मध्येच खाडीवर पूल झाला. काठी कापावी तर शीड तोकडं पडतं, बावटा उतरवायचा नाही, आणि भरतीला काठी पुलाखालून जात नाही. तेव्हा आबांनी पुलावर उभं राहून शिसं बांधलेली दोरी पाण्यात सोडली, इकडे काठी मापली, आणि एक खूण ठरवून टाकली. पुलाच्या मधल्या खांबाच्या बुडाशी सिमेंटची एक पायरी आहे. ओहोटीला पाणी उतरता उतरता ती पायरी उघडी पडली की काठी बावट्यासकट खालून जाते, वर हातभर जागा राखून. पायरी बुडालेली असली तर थांबायचं. फार थांबूनही चालत नाही, कारण पुढे तोंडाशी वाळूचं भाट आहे. पाणी जास्त उतरलं की होडी त्या वाळूवर बसते आणि मग देवी भरती येईपर्यंत उन्हात. पायरी दिसल्यापासून वाळू उघडी पडेपर्यंत जो वेळ मिळेल त्यात घर गाठायचं. इतकी वर्षं सगळं त्या पायरीवर चाललेलं.

गेल्या शिमग्याला मी माहेरी आले तर गावात कुजबूज सुरू झालेली. दादा जेटीवरून होडीत उतरताना चुकला होता, कुणाच्या तरी नजरेत आलं. होळीच्या दिवशी देवळातल्या बैठकीत एकाने विषय काढला की यंदा सुकाणू आमच्या चुलतभावाच्या हाती द्यावं. चुलतभाऊ म्हणजे काकांचा थोरला. त्याची स्वतःची मोठी इंजिनाची बोट आहे, हात चांगला आहे, आणि खरं सांगायचं तर माणूसही वाईट नाही. तो बिचारा खाली मान घालून बसला होता. पण दादा पेटला. सगळ्यांसमोर उभा राहून म्हणाला, "काठी पुलाला लागली, तर त्याच दिवशी सुकाणू सोडीन. न लागता आणली, तर पुन्हा हा विषय काढायचा न्हाय."

बोलणं देवीसमोर झालेलं, त्यात बदल नाही. मी बायकांमध्ये बसून ऐकत होते. घरी आल्यावर मी त्याला परसात गाठलं आणि हवं ते बोलले. म्हटलं, खांबाची पायरी पुलाच्या सावलीत असते, तुला ती दिसणार कशी? होडीत देवी आहे, माणसं आहेत, खेळ वाटला का तुला? तो शांतपणे म्हणाला, तू आहेस ना.

तांडेलाच्या घरची माहेरवाशीण देवीची ओटी घेऊन होडीत बसते, तीही तांडेलाच्या पायाशी. ती जागा माझी. त्याचं म्हणणं असं की बाकी सगळं त्याला पाण्यावरून, वाऱ्यावरून, सुकाणूच्या ओढीवरून कळतं. एक पायरी तेवढी मी बघायची. दिसली की त्याच्या पायाला हात लावायचा. भावाच्या पाया पडणाऱ्या बहिणीवर कुणाला संशय येणार? माझ्या तोंडावर 'नाही' आलं होतं. आलं होतं आणि मी गिळलं. त्याच्याकडे बघून नाही म्हणवेना.

रंगपंचमीला आम्ही उजाडायच्या सुमारास वरच्या गावातून निघालो. होडी दिवाळीपासून तिथल्या सुताराकडे डागडुजीला होती, काठीला नवं तेल पाजलेलं. होडीत आम्ही सहा जण. सुकाणूवर दादा, पायाशी मी, मध्ये देवीचा मुखवटा मांडीवर घेऊन गुरव, वल्ह्यांवर दोघे जण, आणि पुढे नाळेवर, म्हणजे होडीच्या टोकाशी, चुलतभाऊ. जमिनीकडून मतलई वारा पाठीशी होता, ओहोटी खाली ओढत होती. होडी न सांगता चालली होती. दादाचा चेहरा बघण्यासारखा होता, कितीतरी दिवसांनी त्याच्या कपाळावर आठी नव्हती. मलासुद्धा क्षणभर वाटलं, जाईल सगळं नीट.

पूल दिसायला लागला तसं शीड उतरवलं आणि पुलाच्या बऱ्याच अलीकडे नांगर टाकला. पुलावर ही गर्दी. खालूबाजा वाजत होता, पोरं गुलाल उधळत होती, आणि कठड्याला ओळीने मोबाईल. मी पदर सावरून खांबाकडे बघत बसले. पायरीचा पत्ता नव्हता. खांबाभोवती पाणी चेपून धावत होतं आणि खाली भोवरे पडत होते.

थांबणं सोपं नसतं. वरून लोक हाका मारतात, खालून पाणी पळतं. थोड्या वेळाने गुरवाची चुळबूज सुरू झाली. त्याचं एकच पालुपद, भाटावर बसलो तर देवीची आरती चुकेल. वल्ह्यावरचा एक जण म्हणाला की पाणी बरंच उतरलंय, किनाऱ्याचा चिखल दिसतोय. चुलतभावाने नाळेवरून एकदा मागे वळून दादाकडे बघितलं. दादा सरळ पुलाकडे तोंड करून बसला होता, जसा काही खांब न खांब मोजतोय. त्याच्या घोट्याजवळची शीर उडत होती ती फक्त मला दिसत होती.

आणि मग दिसली. मधल्या खांबाच्या बुडाशी, लाटेच्या खाली-वर होण्यात, करडी सरळ कड. गेली, परत आली, मग राहिली. मी नीट बघितलं, पुन्हा बघितलं. देवीचं नाव घेतलं आणि दादाच्या पायाला हात लावला.

त्याने नांगर उचलायला सांगितला. आवाज खणखणीत, जुन्या दादाचा. होडीने गिरकी घेतली, नाळ पुलाकडे झाली आणि ओहोटीने आम्हाला उचललं. वल्ही नुसती दिशा धरायला. वर बाजा टिपेला गेला. एवढ्या जवळून मी त्या पायरीकडे त्या दिवशी पहिल्यांदाच बघत होते, आणि माझ्या मनात एक विचित्र विचार आला, किती स्वच्छ आहे ही.

मी कालवं काढत वाढलेली बाई आहे. ओहोटीला खडकावर वाकून, कोयतीच्या टोकाने शिंपले उघडून, बोटं कापून घेत. पाण्यात वर्षानुवर्षं राहिलेला दगड कसा दिसतो ते मला कुणी सांगायला नको. खारं पाणी ज्याला रोज बुडवतं त्याच्यावर कालवं बसतातच, दगड असो की सिमेंट. आबांच्या वेळची ती पायरी तर कालवांनी खरखरीत झालेली होती, लहानपणी तिच्यावर उतरायला गेले आणि टाच फाडून घेतली होती मी. ही पायरी नवीकोरी. एक कालव नाही, हिरवं शेवाळसुद्धा नाही. मग डोक्यात लख्ख पडलं. हिवाळाभर पुलावर हिरवी जाळी टांगलेली होती, एकाच बाजूने गाड्या सोडत होते, आणि आम्ही एसटीत बसून रस्ता करणाऱ्यांना शिव्या देत होतो. ते नुसता रस्ता करत नव्हते. त्यांनी खांबांच्या बुडाला नव्या सिमेंटचं अस्तर चढवलं होतं. जुनी पायरी त्याच्या पोटात गेली आणि नवी तिच्यावर दोन-अडीच फूट उंच झाली. म्हणजे पायरी उघडी पडली होती खरी, पण पाणी अजून दोन-अडीच फूट जास्त होतं. काठी बसणार नव्हती.

पूल अंगावर येत होता. मी दादाचा पाय ओढला, कुजबुजले, पण बाज्यात माझं मलाच ऐकू येईना. त्याला वाटलं मी पुन्हा खूण करतेय, त्याने मान हलवली. आता दोनच गोष्टी होत्या. गप्प बसायचं आणि काठी मोडू द्यायची, किंवा ओरडायचं. ओरडले तर होडीतल्या प्रत्येकाला कळणार की तांडेलाला पायरी दिसत नाही, त्याची बहीण त्याला सांगते. माझा भाऊ मी माझ्या तोंडाने उघडा पाडणार.

मी ओरडले, "दादा, ही पायरी नवी हाय! कालव न्हाय हिच्यावर! काठी जायची न्हाय!"

वल्ह्यांवरचे दोघे थिजले. चुलतभाऊ गर्रकन वळला. त्याने आधी काठीच्या टोकाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग दादाच्या डोळ्यांकडे, आणि त्याला सगळं कळलं. ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. गुरव रडकुंडीला येऊन नांगर टाका, नांगर टाका करत होता. दादा नाही म्हणाला. त्या धारेत नांगर टाकला असता तर होडी आडवी होऊन खांबावर गेली असती, हे मलाही कळत होतं. कुणीतरी बावट्याची दोरी सोडायला हात घातला.

"बावट्याला हात लावायचा न्हाय," दादा म्हणाला. ओरडला नाही, नुसता म्हणाला, आणि तो हात मागे आला. "वल्ही आत घ्या. समदे डाव्या अंगाला. देवीसकट."

गुरव हलेना. चुलतभावाने नाळेवरून उडी मारली, त्याच्या दंडाला धरून त्याला डावीकडे ओढलं आणि स्वतः होडीच्या काठावर पालथा पडला. आम्ही सगळे डाव्या काठावर जाऊन लोंबकळलो. होडी कलली. काठी कलली तशी तिचं टोक खाली यायला लागलं. काठी वाकडी झाली की तेवढी उंची कमी होते, बस, एवढाच आधार. पण होडीचा काठ पाण्याला टेकला आणि पाणी आत यायला लागलं. माझी साडी गुडघ्यापर्यंत भिजली. आणखी कललो तर उलटणार, कमी कललो तर काठी जाणार.

दादा सुकाणू बगलेत धरून माझ्या बाजूला आडवा झाला होता. तोंड वर, डोळे मिटलेले. त्याने ते उघडे ठेवायचं नाटक सोडून दिलं होतं. "बाय, बोल," तो म्हणाला. "किती?"

मग मी बोलत गेले, सगळ्यांदेखत. अजून वीतभर. अजून. उजवा खांब जवळ येतोय, डावीकडे घे. आता सरळ. दादा, अजून चार बोटं हवीत. तो आणखी मागे रेलला, आम्ही सगळे रेललो. सावलीत शिरलो तसा बाज्याचा आवाज एकदम बोदा झाला आणि पाण्याचा मोठा झाला. डोक्यावर पुलाच्या तुळया एकामागून एक सरकत होत्या. वेळूचं टोक पहिलीखालून गेलं. दुसरी गेली. पुढची गेली. पलीकडचं ऊन दिसायला लागलं आणि वल्ह्यावरच्या एकाला वाटलं सुटलो, तो काठावरून उठला. होडी जराशी सरळ झाली.

खर्र.

शेवटच्या तुळईला वेळूचं टोक घासलं. थोडी सिमेंटची धूळ माझ्या केसांत पडली. वेळू वाकला, सुटला, आणि आम्ही उन्हात आलो. बावटा वर होता. वर गर्दीचा एकच कल्लोळ झाला.

शीड चढवलं, पाणी उपसलं. गुरव देवीचा भिजलेला पदर पिळत होता. भाटावर जेमतेम पाणी होतं, होडीचा तळ वाळूला घासून गेला. मी दादाकडे बघत नव्हते. गाव दिसल्यावर मला कळलं की मी हुंदके देऊन रडतेय आणि मघापासून रडतेय.

काठावर सगळं गाव. तोवर पुलाजवळच्या कुणीतरी काढलेला व्हिडिओ मोबाईलवर येऊन पोचला होता. लोक तो एकमेकांना दाखवत होते. त्यात कललेली होडी इतकी सुंदर दिसत होती की मीही थक्क झाले. गावाला वाटलं दादाने मुद्दाम केलं, देवीला पुलाखालून वाकवून आणली, असा तांडेल झाला नाही. लोक त्याला गुलालाने माखत होते. बैठकीत ज्याने विषय काढला होता तोच हार घेऊन पुढे आला.

मी मनात म्हटलं, वाचला. होडीतले सहा जण गप्प बसले की संपलं. तेवढ्यात चुलतभाऊ पुढे झाला. सुकाणू त्याला मिळालं असतं, एक शब्द बोलला असता तर. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काठी लागली न्हाय."

मी डोळे मिटले. देव भलं करो त्याचं, असं अगदी आतून आलं.

"लागली," दादा म्हणाला. "शेवटच्या तुळईला. मी ऐकलीय."

कुणाला कळेना काय बोलतोय. त्याने वेळूचं टोक खाली घेऊन बघायला सांगितलं, देवी उतरल्यावर. तिथे सिमेंटचा पांढरा ओरखडा होता. मग त्याने शांतपणे सांगितलं की त्याला सावलीतलं दिसत नाही, बाजूचं दिसत नाही, पायरी त्याने बघितलीच नव्हती. हार काढून त्याने चुलतभावाच्या गळ्यात घातला आणि सुकाणूचा दांडा त्याच्या हातात दिला. तो घेईना. दादाने त्याची बोटं धरून दांड्यावर मिटवली. बाजा केव्हा थांबला होता कोण जाणे.

घरी आल्यावर मी भांडले. कडाकडा भांडले. गप्प बसायला काय झालं होतं? सगळे तुला डोक्यावर घेऊन नाचत होते, तो काकांचा पोरगासुद्धा तुझ्यासाठी खोटं बोलला, आणि तूच आपल्या हाताने सगळं सांडून आलास! तो तोंड धूत होता. रंगाचं पाणी ओघळत होतं. म्हणाला, "तू वरडलीस ती माणसं बुडू नयेत म्हणून. मी गप बसलो असतो तर पुढल्या शिमग्याला कोण वरडला असता?"

मी खुंटीवरचा पंचा काढून त्याच्या हातात दिला.

दुपारी तो पुढच्या अंगणात खाटेवर बसला. रस्त्यावरून रंगलेली माणसं येत-जात होती, थबकत होती, नजर चुकवत होती. औषधाची वेळ झाली होती. मी त्याला मागच्या पडवीत चल म्हणणार, तोच वहिनी आतून आली. तिच्या हातात जाळ्याच्या दोऱ्याचा डबा होता. तिने झाकण उघडलं, न शोधता बाटली काढली आणि माझ्या हातात ठेवली. मी तिच्याकडे बघतच राहिले. दोन पावसाळे तिला ठाऊक होतं.

दादाने मान मागे टाकली. "इथंच घाल," तो म्हणाला.

वहिनीने त्याची हनुवटी धरली. मी पापणी वर केली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत त्याच्या डोळ्यात थेंब सोडला. एकही गालावर गेला नाही.